ग्लायडरच्या कॅनोपीवर यॉ स्ट्रिंग नेमकी कुठे आणि कशी लावता?

घिरटी
मंडळी, प्रश्न साधाच आहे पण दोन आठवडे त्याने डोकं खाल्लंय. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) धुताना आमच्या ग्लायडरची जुनी यॉ स्ट्रिंग, म्हणजे हवा समोरून येतेय की बाजूने ते दाखवणारा लोकरीचा धागा, टेपसकट हातात आली. नवीन लावायचं काम माझ्याकडे आलं. लाल लोकरीचा तुकडा घेतला, नजरेनेच मधोमध जागा धरली, वर पारदर्शक टेप, झालं काम. आता सरळ उडताना स्ट्रिंगचं शेपूट जरासं डावीकडे राहतं. उजवा पाय देऊन (म्हणजे रडरचं उजवं पेडल दाबून) ते मधे आणलं की पॅनेलवरच्या वाकड्या नळीतला बॉल डावीकडे घरंगळतो, आणि थोड्या वेळाने बघते तर डावा पंख जरा खाली धरलेला असतो. म्हणजे दोघांपैकी एकाचं चुकतंय. कुणाचं ऐकायचं? आणि तुम्ही सगळे स्ट्रिंग लावताना मध्य कसा काढता, लांबी किती ठेवता, टेप कुठली, कॅनोपीवर किती पुढे, सगळं सविस्तर लिहा प्लीज.

शीड
धाग्यासाठी धागा! आज ना उद्या कुणीतरी काढणारच होतं. बसलो वाचायला.

कॅप्टन_तात्या
घिरटी, नजरेने मध्य काढलास तिथेच गडबड झाली बघ. कॅनोपी गोल असते, त्यात आपण एका बाजूला उभे राहून वाकून टेप लावतो, सेंटीमीटरभर इकडेतिकडे सहज होतं आणि कळतही नाही.

मी काय करतो ते सांगतो. कागदाची लांब अरुंद पट्टी घ्यायची. कॅनोपी बंद करून डाव्या फ्रेमच्या कडेपासून माथ्यावरून उजव्या फ्रेमच्या कडेपर्यंत ती आडवी टाकायची, दोन्हीकडे फ्रेमवरची एकसारखी खूण धरायची, म्हणजे दोन्ही बाजूंचा एकाच ओळीतला स्क्रू वगैरे. पट्टीवर दोन्ही कडा पेन्सिलीने मारून घ्यायच्या, पट्टी काढून बरोबर मधे घडी घालायची आणि पुन्हा तशीच ठेवायची. घडी येते तो मध्य. तिथे मास्किंग टेपचा नखाएवढा तुकडा. हेच हातभर मागे पुन्हा करायचं. आता दोन ठिपके मिळाले, त्यांच्यामधून दोरा ताणला की मध्यरेषा. एकाच जागी मोजून थांबू नये कारण स्ट्रिंगला जागा लागते तशी दिशाही लागते.

शेवटी ग्लायडरच्या नाकासमोर दहा-बारा पावलं लांब जाऊन उकिडवं बसायचं आणि नाकाचं टोक, ताणलेला दोरा आणि मागचं उभं शेपूट एका ओळीत येतंय का बघायचं. नसेल येत तर पुन्हा मोजायचं.

निळाई
तात्यांच्या घडीच्या पट्टीला अनुमोदन. फक्त एक भर घालते, पट्टी कागदाची असली तरी कॅनोपी आधी धुतलेली हवी, नाहीतर पट्टी सरकवताना धूळ घासली जाते आणि बरोबर डोळ्यांसमोर चरे पडतात.

खगमित्र
तुझ्या लक्षणांवरून मला तरी स्ट्रिंगच चुकीची वाटते आणि कारणही सांगता येईल. समोरून येणारी हवा कॅनोपीवर आली की ती फक्त वर चढत नाही, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना फाकतेसुद्धा. स्ट्रिंग डावीकडे सरकलेली असेल तर तिथली हवा मुळातच थोडी डावीकडे जात असते, त्यामुळे विमान अगदी सरळ असलं तरी शेपूट डावीकडे कलतं. तू ते मधे आणायला उजवा पाय देतेस, मग नाक उजवीकडे जातं, दिशा धरून ठेवायला नकळत डावा पंख खाली घेतेस आणि बॉल खालच्या पंखाकडे जातो. सगळं जुळतंय बघ.

पण बॉल खरा आहे हे आधी सिद्ध कर. पॅनेल काढून परत बसवलं असेल आणि उपकरण दोन अंशांनी वाकडं बसलं असेल तर बॉलही तेवढाच चुकणार. सपाट जमिनीवर एकाला पंखाचं टोक धरायला सांग, दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजून सारखी कर, मग आत बघ. बॉल मधे हवा.

अवनी_शिकाऊ
मी अजून सोलो नाही (एकटीने उडत नाही) त्यामुळे चुकलं तर सांगा. मला बॉलचं समजतं, बॉल जिकडे तिकडचा पाय. स्ट्रिंगचं उलटं आहे एवढं पाठ केलंय पण हवेत गेल्यावर गोंधळ होतोच, आणि मग सर मागून "पाय, पाय" म्हणतात आणि मी नेमका दुसरा पाय देते.

कॅप्टन_तात्या
अवनी बाळा, उलटं आहे असं पाठ करूच नकोस. स्ट्रिंगचं टेपखालचं टोक म्हणजे डोकं आणि मोकळं टोक म्हणजे शेपूट. डोकं जिकडे बोट दाखवतंय तिकडचा पाय. शेपूट डावीकडे उडतंय म्हणजे डोकं उजवीकडे बघतंय, उजवा पाय. वारा उजवीकडून येतोय, नाक वाऱ्याकडे न्यायचं, बस. बॉलच्या नियमाशी तुलना करायला गेलीस की हवेत अर्धा सेकंद जातो आणि पाय अडखळतो.

आणि वळणात शेपूट बाहेरच्या बाजूला म्हणजे स्लिप (विमान आत घसरतंय), आतल्या बाजूला म्हणजे स्किड (बाहेर घसरतंय). यातलं दुसरं जास्त वाईट. फायनलकडे (उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्याकडे) वळताना उंची कमी वाटते, बँक (पंखांचा कल) वाढवायची भीती वाटते, मग माणूस आतला पाय दाबून नाक ओढतो, वेग आधीच कमी असतो आणि आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते. मग विमान गरगरत खाली जातं, त्या स्पिनमधून बाहेर यायला तिथे उंचीच नसते. त्या वळणात शेपूट आत गेलेलं दिसलं तर दुसरं काही सुचायच्या आधी पाय सैल कर.

अवनी_शिकाऊ
डोकं बोट दाखवतं!! हे आता नाही विसरणार. थँक्यू तात्या.

मधली_फळी
लोकरीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. विणकामाची साधी लोकर उत्तम. नायलॉनचा दोरा नको, ताठ असतो आणि कमी वेगात हलत नाही. जाड लोकर असेल तर पीळ सोडून एक-दोन पदर काढून घ्यायचे. रंग लाल किंवा काळा, ढगावरही दिसतो आणि निळ्या आकाशावरही. लांबी मी १० सेंटीमीटर ठेवतो. याहून लांब ठेवली तर टोक फडफडत राहतं, आणि फार तोकडी केली तर कोन नजरेत भरत नाही.

गुंड्यातून काढलेल्या लोकरीला वळण असतं हे लक्षात ठेवा. तशीच लावली तर टोक एका बाजूला मुरडलेलं राहतं आणि आपण उगाच पाय देत बसतो. मी रात्रभर ओली करून खाली एक कपड्याचा चिमटा लावून टांगून ठेवतो, सकाळी सरळ झालेली असते. घिरटी, तुझी स्ट्रिंग हीच भानगड करत असेल, बघ एकदा.

घिरटी
मुरडलेली नाहीये, ते बघितलं होतं. पण गुंड्यातूनच कापली होती हे खरं. आणि अगदी काठालाच टेप लावलीय, गाठबिठ काही नाही.

निळाई
गाठ हवीच! टेपखाली जाणाऱ्या टोकाला एक छोटी गाठ मार. दोन फायदे आहेत, एक म्हणजे लोकर टेपखालून सुटून येत नाही, आणि दुसरं म्हणजे गाठीमुळे टेपच्या कडेपाशी लोकर कॅनोपीपासून केसभर उचललेली राहते. मग सकाळी दव असलं तरी ती पूर्ण लांबीने चिकटून बसत नाही. मोकळ्या टोकाला मात्र गाठ अजिबात नको, टोक जड होतं आणि कॅनोपीवर टकटक आपटत राहतं.

टेप पातळ आणि पारदर्शक, दीड सेंटीमीटर पुरे. चारही कोपरे कात्रीने गोल कापून घेतले तर कोपऱ्यातून उचलत नाही. आणि टेपची मागची कड मध्यरेषेला काटकोनात हवी, तिरकी लावली तर लोकर त्या कडेवर टेकून एका बाजूला ढकलली जाते.

रानवारा
गोंदाबद्दल कळकळीने सांगतो. चटकन चिकटणारा सुपर ग्लू कॅनोपीच्या जवळपाससुद्धा नेऊ नका. जुनी टेप निघाल्यावर मागे जो चिकटपणा राहतो तो काढायला अ‍ॅसिटोन, पेट्रोल, स्पिरिट, घरातल्या काचा पुसायचा अमोनियावाला फवारा, यातलं काहीही नको. कॅनोपी काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते, आणि या गोष्टी लागल्या की त्यात बारीक बारीक तडे जाळीसारखे उमटतात. ते पॉलिशने जात नाहीत. मी एका ग्लायडरवर बघितलंय, स्ट्रिंगच्या जागी रुपयाएवढा पांढरट डाग, आणि उन्हात उडताना नेमका तोच डोळ्यांसमोर चमकतो. कुणी काय लावलं होतं कोण जाणे, पण ती कॅनोपी बघून जीव हळहळला.

कोमट पाणी, सौम्य साबण आणि आपला अंगठा. दहा मिनिटं चोळायला लागतं, चोळायचं. नखाने किंवा ब्लेडने खरवडायचं नाही.

शीड
दहा मिनिटं अंगठा चोळून हात इतके स्वच्छ होतात की घरी गेल्यावर वेगळे धुवायला लागत नाहीत, हा बोनस.

रानवारा
शीड, आणि मग त्याच हातांनी कोरड्या फडक्याने कॅनोपी चकाचक पुसायला घेतोस, बरोबर? तीही चूक. कोरडं फडकं घासलं की अ‍ॅक्रिलिकवर विद्युतभार साठतो आणि लोकर पालीसारखी चिकटून बसते. टो (ग्लायडर वर ओढून नेणं) सुरू होऊन बराच वेळ झाला तरी हलत नाही. भरपूर पाणी, मऊ ओलं सुती फडकं, एकाच दिशेत, गोल गोल नाही. एवढं करूनही चिकटली तर ओल्या बोटाने कॅनोपीवर नुसता हात फिरवला तरी सुटते. पावसात मात्र इलाज नाही, लोकर भिजली की ती काय दाखवते याकडे बघूच नये, तेवढ्यापुरता बॉल आणि बुडाला जाणवणारं झुकणं यावर उडायचं.

विषय_भरकटवू
कॅनोपीचा विषय निघालाच आहे तर, उन्हात कॅनोपी उघडी टाकून जाऊ नका लोकहो. वाकडा पृष्ठभाग भिंगासारखं काम करतो आणि ऊन एका जागी एकवटून हेडरेस्ट जळू शकतं. यॉ स्ट्रिंगशी संबंध नाही पण स्ट्रिंग लावताना सगळे कॅनोपी उघडून गप्पा मारत उभे असतात म्हणून सांगितलं.

उंच_घार
पुढे-मागे कुठे लावायची हे राहिलंच की. याला आकडा नाही, कारण प्रत्येकाची बसायची उंची वेगळी. माझी पद्धत अशी: पॅराशूट घालून, पट्टे आवळून, उडताना बसतो तसंच बसायचं, कॅनोपी बंद, नजर क्षितिजावर. बाहेर एकजण मध्यरेषेवर बोट ठेवून हळूहळू पुढे-मागे सरकवतो. बोट पॅनेलच्या आवरणाच्या थोडं वर, क्षितिजाच्या आसपास आलं की थांब म्हणायचं. बाहेर बघत असतानाच स्ट्रिंग नजरेत राहिली पाहिजे. ती शोधायला मान वर करावी लागत असेल तर माणूस बघणं सोडून देतो, आणि फार खाली असेल तर पॅनेलमागे दडते.

अजून एक, कॅनोपीवर स्ट्रिंग खऱ्यापेक्षा मोठा कोन दाखवते. गोल नळीवरून आडवी हवा गेली तर आदर्श प्रवाहात माथ्यावर तिचा आडवा वेग दुप्पट होतो. म्हणजे स्ट्रिंग १० अंश कललेली दिसली तर खरी स्लिप साधारण त्याच्या निम्मी असू शकते. म्हणून ती इतकी संवेदनशील वाटते, आणि म्हणूनच दोन-चार अंशांसाठी पायांची सतत लढाई करू नये. सतत रडर हलवला की त्याचाही ड्रॅग (हवेचा विरोध) असतोच.

खगमित्र
उंच_घार, थर्मलमधलं (वर चढणाऱ्या गरम हवेत घिरट्या घालतानाचं) तुमचं मत पण लिहा ना. आमच्याकडे यावर दोन तट आहेत. एक म्हणतात स्ट्रिंग काटेकोर मधे, दुसरे म्हणतात जरा बाहेर असू दे. मी पहिल्या तटात.

उंच_घार
मी दुसऱ्या. आणि हे आवडीनिवडीचं नाही, भूमितीचं आहे. स्ट्रिंग गुरुत्वमध्याच्या पुढे असते. विमान गोल फिरतं तेव्हा नाक वळणाच्या आतल्या दिशेने सरकत असतं, म्हणून नाकापाशी हवा किंचित आतून येते आणि शेपूट किंचित बाहेर जातं, विमान गुरुत्वमध्यापाशी अगदी नीट असलं तरी.

हिशेब करू. वेग ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, बँक ४५ अंश. घिरटीची त्रिज्या साधारण ६४ मीटर येते. स्ट्रिंग गुरुत्वमध्याच्या दीड मीटर पुढे धरली तर दीड भागिले ६४, म्हणजे जवळपास १.३ अंश. कॅनोपी तो कोन आणखी वाढवून दाखवते. म्हणजे घट्ट घिरटीत स्ट्रिंग अगदी मधे ठेवली तर खरं म्हणजे तुम्ही बारीकशी स्किड करताय. संथ, कमी वेगात, थर्मलमध्ये, आजूबाजूला दुसरी ग्लायडर्स असताना मला ती बाजू नको. जरा बाहेर गेलेली चालेल, आत कधीच नको.

खगमित्र
हिशेब पटला. इतकी वर्षं "मधे म्हणजे मधे" म्हणत आलो पण दीड मीटर पुढचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मग टू-सीटरमध्ये पुढची आणि मागची स्ट्रिंग घिरटीत वेगवेगळं दाखवतात ते यामुळेच का? मी मागच्या स्ट्रिंगला दोष देत होतो.

उंच_घार
त्यातला एक भाग यामुळेच. मागची गुरुत्वमध्याच्या जवळ असते त्यामुळे ती कमी बाहेर जाते. सरळ उडताना मात्र दोन्ही जुळायला हव्यात, तिथेच फरक असेल तर पुन्हा कागदाची पट्टी काढा.

दुहेरी_इंजिन
मी ग्लायडरवाला नाही, दोन इंजिनांची विमानं उडवतो, तरी धागा वाचून राहवलं नाही. एक इंजिन बंद पडलं की आमच्याकडे बॉल मधे आणून उडणं म्हणजे सरळ उडणं नव्हे. चालू इंजिनाकडे दोन-तीन अंश बँक आणि बॉल त्याच बाजूला थोडा, तेव्हा हवा खरी समोरून येते. बॉल आडवं त्वरण दाखवतो आणि स्ट्रिंग हवेची दिशा, हा फरक मला ट्रेनिंगमध्ये नाकावर लोकर लावली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. एका इंजिनाच्या विमानात मात्र नाकावर लावून उपयोग नाही, पंख्याची हवा पीळ घेत येते.

निळाई
वा, छान माहिती. राईट बंधूंनीसुद्धा १९०२ च्या ग्लायडरवर पुढच्या एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या फळीला) दोरा बांधला होता. आणि यू-२ सारख्या हेरगिरीच्या विमानाच्या कॅनोपीसमोरही तोच दोरा असतो. इतक्या वर्षांत त्याला ना बॅटरी लागली ना दुरुस्ती, मला याचं खरंच फार कौतुक वाटतं.

मधली_फळी
एका गोष्टीवर मतं हवीत, स्ट्रिंगखाली मध्यरेषेची बारीक काळी पट्टी लावावी का? मी लावतो. रेषा असली की डोकं थोडं कलतं झालं तरी कोन कळतो.

कॅप्टन_तात्या
शिकाऊ लोकांसाठी ठीक आहे, पण मला नको वाटते. समोर जितकं कमी तितकं बरं, दुसरं ग्लायडर लांबून ठिपक्याएवढंच दिसतं. आणि रेषा लावल्याने पॅरॅलॅक्स जात नाही. वळणात आपण डोकं आत झुकवतो, मग स्ट्रिंग आणि क्षितिजावरची खूण यांचा मेळ बसत नाही. स्ट्रिंगची जागा बघायची नाही, तिचा कल बघायचा, म्हणजे ती स्वतःच्या डोक्यापासून कुठे जातेय ते.

मधली_फळी
तात्या, मी पट्टी दोन मिलिमीटरचीच लावतो, त्याने काही झाकलं जात नाही. राहू दे, यावर आपलं जमणार नाही.

घिरटी
मंडळी, अपडेट. शनिवारी सगळं एकेक करून बघितलं.

आधी बॉल. हॅंगरमधे सपाट जागी दोन्ही टोकं मोजून सारखी केली, एक मैत्रीण टोक धरून उभी होती आणि मी आत. बॉल बरोबर मधे. म्हणजे बॉल सुटला.

मग तात्यांची पट्टी. घडी पडली आणि माझी टेप तिच्यापासून डावीकडे, मोजून ११ मिलिमीटर! शिवाय टेपची मागची कडही तिरकी होती, निळाई म्हणाली तशी. बाहेरून वाकून लावताना मी ग्लायडरच्या डाव्या बाजूला उभी होते, हे आत्ता आठवलं.

जुनी टेप साबणाच्या पाण्याने काढली, बारा मिनिटं लागली. नवीन लोकर रात्रभर चिमटा लावून टांगलेली होतीच. दोन पदर, १० सेंटीमीटर, एका टोकाला गाठ. मी पट्टे आवळून आत बसले आणि मैत्रिणीने बाहेरून बोट सरकवलं, माझ्यासाठी जागा आधीच्यापेक्षा जवळजवळ वीतभर पुढे आली, आधी मी नकळत मान वर करून बघत होते.

कॅप्टन_तात्या
शाबास. पण उडवून बघितलंस का? जमिनीवर मोजलेलं हवेत तपासल्याशिवाय पक्कं धरू नये. शांत हवेत, संध्याकाळी, थर्मल संपल्यावर. लांबवर क्षितिजावर एक खूण धर, दोन्ही पंखांची टोकं क्षितिजापासून सारखी ठेव, खूण अजिबात सरकू देऊ नकोस आणि अर्धा मिनिट तसंच जा. पंख सपाट आणि दिशा स्थिर, तर स्ट्रिंग मधेच यायला हवी. वेग वाढवून पुन्हा एकदा बघ.

घिरटी
हो तात्या, शेवटच्या टोला तेच केलं. ९० ला अर्धा मिनिट, १३० ला अर्धा मिनिट. खूण जागेवर, बॉल मधे, आणि स्ट्रिंग दोन्ही वेळा रेषेवर, नुसतं टोक थरथरत होतं. मग डावी घिरटी, उजवी घिरटी, दोन्हीकडे पायांना सारखंच वाटलं. याआधी उजव्या घिरट्या मला कायम अवघड जायच्या आणि मी समजत होते की माझा उजवा हातच कच्चा आहे.

घट्ट घिरटीत बॉल मधे ठेवून स्ट्रिंगकडे बघितलं, उंच_घार, शेपूट खरंच जरासं बाहेर होतं.

अवनी_शिकाऊ
ताई, उरलेली लोकर आहे का? आमच्या टू-सीटरची मागची स्ट्रिंग अर्धीच उरलीय आणि सरांनी ती बदलायचं काम मला दिलंय.

घिरटी
आहे की, भरपूर आहे. आज रात्रीच ओली करून टांगते. पट्टी मात्र तू स्वतः टाकायची, मी पंखाचं टोक धरायला येते.